चंद्राच्या पाठीवरचे खड्डे

बाळाला मी कुणाम्होरं पालथं घालत न्हवते. घरात कुणी न्हाई आसं बगून मगच लंगोट सोडायची, पुसायची, परत बांधायची, आन् तेवड्यात दाराकडं दहादा बगायची. त्येच्या माकडहाडाच्या वर, मणक्यावर, एक बारीक खड्डा हाय. बाजरीचा दाणा बसंल येवडाच, पन आत कुटवर गेलाय त्ये दिसत न्हाई, आन् कडंला चार-पाच काळं केस. जल्मला तवापास्नं हाय.

आमच्यात पयलं बाळंतपण मायेरी आसतं. माझं मायेर खंडाळ्याकडं, सासर आटपाडीकडं, एका टोकापास्नं दुसऱ्या टोकाला. दवाखान्यात नर्सबाईंनी बाळ धुतलं तवा त्यास्नी दिसलं. त्या म्हणाल्या, "मोठ्या दवाखान्यात दावा. तीन म्हयन्याच्या आत सोनोग्राफी करून घ्या पाठीची. मागनं हाडं घट्ट व्हत्यात, मग त्या मशीनमधनं दिसत न्हाई." मी आईकडं बगितलं. आई नर्सबाईम्होरं मान हालवत व्हती, पन त्या गेल्या तशी माझ्याजवळ यून बसली आन् हळूच म्हणाली, "चंद्राच्या गिरणात काय केल्तंस?"

मी बाळाचं दुपटं सारकं कराय लागले. आईला त्येवडंच पुरं झालं. म्हणाली, "सासरी कुणाला दावू नगंस. पोरगं पाय हालवतंय न्हवं, मग झालं. बुजंल आपोआप."

आता काय केल्तं त्ये सांगते, कारन त्ये सांगितल्याबिगर म्होरचं कळायचं न्हाई. मला चौथा म्हयना व्हता. आमचं मालक गलाईवर आसत्यात, लांब दक्षिणेत, सोनं गाळायच्या दुकानात, तवा सुट्टीवर आल्तं. डाळिंबाची नवी झाडं लावलेली, ड्रिपची नळी आणून पसरलेली, आन् कॅनलला दुसऱ्या दिवशी पाणी सुटणार व्हतं. नळीला पंचनं भोकं पाडायची, एकेका भोकात ड्रिपर दाबून बसवायचा, आसं काम. त्या दिवशी गिरान व्हतं, चंद्राचं. आमच्या मायेरी गिरान लागल्यापास्नं सुटूस्तवर पाळत्यात, येवडंच. गिरान सांजचं व्हतं, मला वाटलं दिवसभर मोकळं हाय. मालक म्हणालं, "तू भोकं पाड, मी ड्रिपर बसवतो, दोगं मिळून लवकर व्हईल." मी दुपारभर भोकं पाडली. सावलीला बसून, एकेक झाड मोजून, पंच दाबायचा आन् फिरवायचा. मला बरं वाटत व्हतं त्या दिवशी, लय दिवसांनी दोगं एकत्र काम करत व्हतो.

सासरी वेध पाळत्यात. गिरान सांजचं आसलं तरी पोटुशीनं दुपारपास्नं कापायचं न्हाई, टोचायचं न्हाई, भोक पाडायचं न्हाई. मला ठावं न्हवतं. सांजच्याला सासूबाईंनी मला तुळशीचं पान दिऊन घरात बसवलं आन् इचारलं, "दुपारपास्नं काय कापलं-टोचलं न्हाईस न्हवं?" तवा कळलं, आन् तवा मी न्हाई म्हणून बसले. मालक बी तितंच व्हतं, त्येनी काय सांगितलं न्हाई. त्यांच्या डोस्क्यात पाण्याची पाळी व्हती.

अडीच म्हयन्याचं बाळ घिऊन मी सासरी आले. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी दारात भाकरतुकडा ववाळून टाकला, बाळाला घेतलं आन् लगेच म्हणाल्या, "उद्यापास्नं न्हाऊ मी घालणार."

मी म्हणाले, "नगं आत्या, मीच घालते. त्येला माझ्या हाताची सवं झालीया, रडतंय दुसऱ्याकडं."

"रडू दे की. रडल्याबिगर न्हानं आसतंय व्हय."

"नगं पन."

दुसऱ्या दिवशी बी नगं, तिसऱ्या दिवशी बी नगं. मी न्हाणीचं दार लावून घ्यायची. आत्या भाईर ताटकळत बसायच्या, मांडीवर तेलाची वाटी घिऊन. चौथ्या दिवशी शेळ्यांला पाला टाकता टाकता माझ्याकडं न बगता म्हणाल्या, "आक्ख्या वस्तीची पोरं ह्या पायावर न्हाऊन चालाय लागली. माझ्याच नातवाला माझ्या हाताचं काटं टोचत्यात काय कळंना." मला लय वाईट वाटलं. पन दार उघडायचं धाडस झालं न्हाई. मनात दिस मोजत व्हते, तीन म्हयनं व्हायला किती राहिलं, मग मोजायचं बंद करायची, मग परत मोजायची.

बाळ झोपलं की मी त्येच्या पायाच्या बोटाला गुदगुल्या करून बगायची. हाललं की जीव भांड्यात पडायचा. झोपंत हाललं न्हाई तर त्येला उठवायची, मग ते रडायचं, मग आत्या इचारायच्या, झोपलेलं पोरगं का उठवलंस. काय सांगणार.

तेवड्यात दिवाळीच्या सुट्टीला नणंद घरी आली. बारावीला हाय, विट्याला राहती शिकायला. माझ्यापेक्षा चार वर्सानं बारकी, पन मी तिला ताईच म्हणते. तिच्या कॉलेजात विज्ञानाचं प्रदर्शन व्हतं, त्येच्यासाठी चंद्र करायचा व्हता. मोठा फुगा फुगवला, त्येच्यावर कागदाचा लगदा गव्हाच्या पिठाच्या खळीत कालवून थापला. मी शाळा नववीत सोडली. तवा मला बी हस्तकला लय आवडायची, म्हणून मी बाळाला झोळीत टाकून तिच्याजवळ जाऊन बसले. गोठ्याच्या सावलीत आमचा चंद्र झाला, शेळ्या खळ चाटाय यायच्या आन् आमी हाकलायचो.

"सगळी पोरं म्होरची बाजू करत्यात," ती म्हणाली, "ससा काढून मोकळी. मी मागची करणार."

"मागची कुणी बगितलीया?"

"आपण न्हाई. हितनं दिसतच न्हाई. त्यो आपल्याकडं तोंड करूनच फिरतो."

"कायम?"

"कायम. तुला खोटं वाटतंय व्हय? ऊठ. बाळाला घे. आता माझ्याभोवती फेरा मार, पन माझ्याकडंच बगत."

बाळ झोळीत चुळबूळ करतच व्हतं, त्येला छातीशी धरून मी उठले. तिच्याभोवती एक फेरा मारला, तोंड तिच्याकडं. फिरता फिरता माझी पाठ शेळ्यांकडं झाली, मग भिताडाकडं, मग वैरणीकडं, मग वाटंकडं.

"आता सांग, सगळ्यांनी तुझी पाठ बगितली. मी बगितली का?"

"न्हाई."

"झालं. मी मजी पृथ्वी, तू चंद्र."

आत्या उंबऱ्यातनंच वरडल्या, "पोरीला येड लागलंय ते लागलंय, तिच्या नादानं सुनंला बी लागलं. लेकराला गरगर फिरवू नगंसा, दूध वकंल."

मी बाळाला परत झोळीत टाकलं, मग ताईनं मोबाईलवर फोटू दावला, मागच्या बाजूचा. यान मागं फिरून गेल्यावरच त्ये कळलं म्हणं, तवर जगात कुणालाच ठावं न्हवतं. मी बगितलं आन् माझ्या अंगावर काटा आला. ससा न्हाई, काळं डाग जवळजवळ न्हाईत, तोंडावळाच न्हाई. नुसतं खड्डंच खड्डं. मोठ्या खड्ड्यात बारकं, बारक्याच्या काठावर आनिक एक, देवी यून गेल्यागत. खाली एक तर येवडा मोठा, की ताई म्हणाली ह्यात महाराष्ट्रासारखी कैक राज्यं बसतील. मी मोबाईल पालथा ठिवला. तिनं परत सुलटा केला.

"मागंच का येवडं?"

"म्होरं बी पडलेत. पन म्होरं आतला तापलेला रस वर आला आन् पसरला, खड्डं बुजून गेलं. आपल्याला काळं डाग दिसत्यात त्ये मजी त्योच रस, थिजलेला. मागचं कवच जाड हाय, रस वर यायला वाट मिळाली न्हाई, म्हणून पडलं तसं राहिलं."

लगदा ओला व्हता तवर खड्डं पाडायचं व्हतं. तिनं वाटी दाबली, बाटलीची टोपणं दाबली, अंगठा दाबून फिरवला. मी बी दाबाय लागले. आन् दाबता दाबता माझ्या तोंडातनं निघून गेलं, "गिरणानं पडलं आसतील का ह्ये?"

ती हसाय लागली, पन माझं तोंड बगून थांबली. म्हणाली, "थांब, दावते." मोबाईलची बॅटरी लावली, दावणीच्या खुंट्याला टेकवून ठिवली. "ह्यो सूर्य." मला एक डाळिंब धराय लावलं, "ही पृथ्वी." आन् त्येच्या मागं आमचा चंद्र आणला. डाळिंबाची सावली चंद्रावर पडली.

"ह्ये गिरान. सावली कुटं पडली?"

"ह्या बाजूला. म्होरच्या."

"आता मागं यून बग. मागं काय हाय?"

मी वाकून मागनं बगितलं. "अंधार."

"तिकडं आदीच रात हाय. चंद्राच्या गिरणात मागच्या बाजूवर ऊनच नसतंय, मग सावली पडंल कशावर?"

माझ्या ध्यानात यायला जरा टाईम गेला. मी परत म्होरं आले, परत मागं गेले. "मजी गिरान मागं लागतच न्हाई."

"न्हाई."

"आन् खड्डं मागंच जास्त."

"व्हय."

"मग कुणी काय केलं म्हणून पडलं?"

"वयनी, कुणी काय करायला कोण हाय तितं? दगडं आदळली. आपल्यावर हवंचं पांघरूण हाय, त्यात बारकी दगडं जळून जात्यात. त्यो उघडा हाय. येतंय त्ये बसतंय अंगावर."

हाताला चाळा म्हणून करंगळी लगद्यात खुपसत व्हते, किती आत जाती बगत, माझं मलाच भान न्हवतं. ताईनं माझा हात धरला.

"आसा नसतो खड्डा. आदळलेला खड्डा पसरट आसतो, काठ वर उचललेला. तू तर भोक पाडलंस."

मला रडूच फुटलं. त्ये येवड्या जोरात, की झोळीतलं बाळ बी रडाय लागलं आन् शेळ्या बी कान टवकारून उभ्या राहिल्या. ताईला काय कळंना, ती म्हणाली, "आगं बुजवते की, त्यात काय रडायचं?" मी तिला सगळं सांगितलं. पंच, दुपार, तुळशीचं पान, नर्सबाई, आई. एका दमात सांगितलं, मधी श्वास घ्यायला थांबले आस्ते तर परत तोंड मिटलं आस्तं.

तिनं हात धुतलं. बाळाला मांडीवर पालथं घेतलं, लंगोट सोडला. माझ्या आन् आईशिवाय घरातल्या कुणी पयल्यांदाच बगितलं. तिनं बोट लावलं न्हाई, नुसतं बगितलं, लय येळ. मग इचारलं, "किती दिवसाचा झाला?"

"आज ऐंशी."

"मजी दहा दिवस राहिलं. आन् तू हितं माझ्यासंगं लगदा कालवत बसलीयास."

"सांगू नगा कुणाला."

"सांगलीला मोठ्या दवाखान्यात कोण नेणार मग, मी? मला तितलं काय ठावं हाय. आमच्या आईला सांगावं लागंल."

"त्या घराभाईर काढतील मला."

"काढू दे. पन गप बसलीस आन् दहा दिवस गेलं, तर बाळाची तपासणी बी गेली. तू सांग, न्हाईतर मी सांगते. आन् मी सांगितलं तर मी सगळं वाढवूनच सांगती, तुला ठावं हाय."

मी त्याच सांजंला सांगितलं. आत्या शेण काढत व्हत्या. माझं सांगून झालं तरी त्या थांबल्या न्हाईत, पाटी भरली, उकिरड्यावर वतली, परत आल्या.

"दुपारी?"

"व्हय."

"मी इचारलं तवा न्हाई म्हणालीस."

"व्हय."

त्या रातच्याला त्यांनी भाकरी खाल्ली न्हाई. मी समजले, झालं, आता मालकांना फोन जाणार, मायेरी फोन जाणार. सकाळी उठून बगते तर आत्या धुवट लुगडं नेसून, पिशवीत बाळाची दुपटी भरून दारात उभ्या. म्हणाल्या, "चल. पयली यष्टी चुकंल." ताईला म्हणाल्या, "शेळ्या सोड, आन् त्यो चंद्र उचल मधनं, पाय लागंल."

यष्टीत त्या माझ्या शेजारी बसल्या न्हाईत. म्होरच्या शिटावर बसल्या, पाठ माझ्याकडं करून. निम्म्या वाटंत मागं वळल्या आन् म्हणाल्या, "भोकं पाडायला कुणी सांगितलं?"

"तुमच्याच ल्योकानं. पाणी सुटणार व्हतं."

"आन् त्यो मी इचारलं तवा तितंच बसल्ता."

"व्हय."

त्यांनी माझ्याकडनं मोबाईल मागून घेतला, नंबर लावून घेतला, आन् भरल्या यष्टीत ल्योकाला सुनवाय लागल्या. "तुला अक्कल किती रं? पोटुशी बायको आन् तिच्या हातात पंच. आन् वर गप बसतोस, मुक्या. सोनं गाळतोस, डोस्कं बी गाळून घे जरा." पलीकडनं मालक काय म्हणालं त्ये ऐकू आलं न्हाई, पन यष्टीतली निम्मी माणसं हसत व्हती. मला हसू आलं न्हाई, पन यष्टीत बसल्यापास्नं पयल्यांदाच मी पाठ टेकली.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाला पालथं निजवलं. पाठीवर गार चिक लावला, मशीन फिरवलं, बाळ किंचाळलं. आत्यांनी त्येचं डोकं धरलं, मी पाय. त्या टीव्हीगत पडद्यावर करड्या रेघा सोडून मला काय दिसंना. बाई लय येळ एकाच जागंवर मशीन फिरवत राहिल्या. मी त्यांच्या तोंडाकडं बगत व्हते. तोंडावरनं काय कळतंय का म्हणून, पन त्यास्नी आसल्या माणसांची सवं झालेली, कळू देत न्हाईत.

मग म्हणाल्या, "वेळेत आणलंत. अजून दिसतंय. खड्डा आतपर्यंत गेल्यासारखा वाटतोय, आणि मज्जारज्जू जरा खाली अडकलाय की काय अशी शंका आहे. मोठ्या मशीनमध्ये बघू, एमआरआय. अडकला असेल तर ऑपरेशन करून मोकळा करतात."

मी इचारलं, "चालंल का त्यो?"

"पाय चांगले हलवतोय. आत्ता एवढंच सांगू शकते. बघितल्याशिवाय पुढचं सांगणार नाही."

आत्या मधीच म्हणाल्या, "बाई, हिनं गिरणात भोकं पाडल्ती." मला जिमीन फाटून आत जावं वाटलं. पन बाई हसल्या न्हाईत. त्यांनी इचारलं, "कितव्या महिन्यात?"

"चौथ्या."

"आजी, पाठीच्या कण्यातली नळी पहिल्या महिन्यातच बंद होते. तेव्हा हिला दिवस गेलेत हे हिलासुद्धा माहीत नसणार. चौथ्या महिन्यात काही केलं काय, न केलं काय. आणि हे कुणाच्या करण्यानं होत नाही."

त्या आसं म्हणाल्या खरं. पन भाईरच्या बाकावर यून बसले आन् मी पयल्या म्हयन्यात काय केल्तं त्ये आठवाय लागले. कुटल्या उसात गेल्ते का, कुटं पडले का, ताप आल्ता का. पोटुशीला देत्यात त्या गोळ्या तर ठावं झाल्यावरच सुरू केल्त्या. आठवंना काय. दिवसच गेलेलं ठावं न्हवतं, तर ध्यानात कोण ठिवणार. शेजारनं आत्या हळूच म्हणाल्या, "पयल्या म्हयन्यात तर मीच तुला डोंगराकडनं सरपनाच्या मोळ्या वाहायला लावल्त्या."

"त्येनं नसंल व्हत आत्या."

"नसंलच. त्या म्हणाल्या की."

"व्हय. म्हणाल्या."

पन आमी दोगी बी काय तितनं उठलो न्हाई, बराच येळ.

मोठ्या मशीनची म्होरच्या बुधवारची तारीख दिलीया. ताई कॉलेजला गेली, चंद्र संगं नेला. त्येच्यात माझं त्ये भोक तिनं बुजवलं का न्हाई मी इचारलं न्हाई. मालकांचा रोज दोनदा फोन येतो, पाय हालवतोय का म्हणून. मी मोबाईल बाळाच्या पायाजवळ धरते, त्ये बगत्यात.

आता भीती येगळीच हाय. मशीनमधी बाळानं हालायचं न्हाई, म्हणून त्येला झोपंचं औषध देणार, आन् त्येच्या आदी चार तास काय पाजायचं न्हाई. तासाला पिणारं पोर. मी जवळ बसले तर वास यून छाती धुंडाळणार, रडणार, आन् मला निभायचं न्हाई, मी पाजून टाकीन, आन् मग तारीख म्होरं जाईल. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तवापास्नं मी येकच इचार करतीया, चार तास.

काल आत्यांना बोलून दावलं. त्या भाकरी थापत व्हत्या.

"तू भाईर जाऊन बस," त्या म्हणाल्या. "लांब, यष्टी स्टँडावर जाऊन बस हवं तर. मी धरते त्येला."

"लय रडंल."

"रडू दे. माझ्या खांद्यावर रडंल."

"पाठ सांभाळा फक्त. उचलताना."

आत्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आन् म्हणाल्या, "दाव मला, कसं धरायचं त्ये."

मी बाळाला आणलं, त्यांच्याम्होरं पालथं केलं, आन् लंगोट सोडला.